युद्धातून आलेल्या कुटुंबाला आधार देताना : बडोद्यातील नवख्या कार्यकर्त्यांसाठी

युद्धामुळे देश सोडून आलेल्या माणसाला मदत करावी असे मनात आले, की बहुतेकांचा हात प्रथम कपड्यांच्या कपाटाकडे जातो. जुने स्वेटर, साड्या, मुलांचे फ्रॉक यांच्या पिशव्या दोन दिवसांत गोळा होतात आणि तिसऱ्या दिवशी त्या ठेवायच्या कुठे हा प्रश्न उभा राहतो. कपडे, धान्य, भांडी यांची अडचण खरी असते, परंतु ती लवकर सुटते. रेंगाळते ती वाट पाहण्याची अडचण. कागदाची वाट, शाळेतील प्रवेशाची वाट, काम करण्याच्या परवानगीची वाट, आणि अशा वाटा पाहण्यात वर्षे निघून जातात. एखादा देश निर्वासितांना कसा वागवतो हे पाहताना मी हल्ली एकच गोष्ट तपासते : तो माणसाला किती काळ ताटकळत ठेवतो?

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. फतेगंजच्या बाजूला विद्यापीठात शिकणारे अफगाण विद्यार्थी किंवा वारसियातील सिंधी कुटुंबांकडे सीमेपलीकडून आलेले नातेवाईक यांच्याशी ज्यांची ओळख झाली आहे आणि ज्यांना काही उपयोगी करायचे आहे, ते पहिले. नोकरी किंवा शिक्षणासाठी जर्मनीत, पोलंडमध्ये वा कॅनडात गेल्यावर तेथील स्थानिक संस्थेत स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवणारी आपली मुले-मुली, हे दुसरे. दोघांचे काम वेगळे दिसले तरी पायऱ्या त्याच आहेत.

आरंभी एक गैरसमज दूर करायला हवा. निर्वासितांचा भार श्रीमंत युरोप वाहतो असे आपल्याकडे समजले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या आकडेवारीनुसार २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसे सक्तीने विस्थापित झालेली होती. सीमा ओलांडून गेलेल्यांपैकी ७३ टक्के कमी किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहत होती आणि ६७ टक्के शेजारच्याच देशात. म्हणजे यजमान देश म्हटल्यावर तुर्कस्तान, युगांडा, लेबनॉन, बांगलादेश हे देश आधी डोळ्यांसमोर यावेत.

पहिली पायरी : माणूस कोणत्या कायद्याखाली आला आहे ते समजून घेणे

ही पायरी रुक्ष आहे आणि नवखे कार्यकर्ते ती टाळतात. नंतरचे बहुतेक घोटाळे येथेच जन्म घेतात. निर्वासितांसंबंधीचा मुख्य आंतरराष्ट्रीय करार १९५१ चा आणि त्याला जोडलेला पूरक करार (प्रोटोकॉल) १९६७ चा. जिथे जिवाला धोका आहे तिथे माणसाला परत पाठवू नये, हे कराराच्या तेहतिसाव्या कलमातील तत्त्व त्याचा कणा आहे. करार मान्य करणाऱ्या देशांत सामान्यतः प्रत्येक अर्जदाराची वेगळी चौकशी होते आणि निर्णय लागेपर्यंत तो ‘आश्रयार्थी’ असतो. निर्णय बाजूने लागला तरच तो कायद्याने ‘निर्वासित’ ठरतो. हे मधले दिवस महिने-वर्षे चालू शकतात. स्वित्झर्लंडमधील नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले, की निर्णयासाठी एक वर्ष जास्त थांबावे लागले तर पुढे कामाला लागणाऱ्यांचे प्रमाण शंभरांमागे चार ते पाचांनी घटते. आश्रय मिळाल्यावरही त्या वर्षाचे नुकसान भरून निघत नाही.

यावर युरोपने एक तोड काढून ठेवली होती. बाल्कन युद्धांच्या अनुभवानंतर २००१ साली युरोपीय संघाने ‘तात्पुरते संरक्षण’ देणारा निर्देश केला. त्यात समूहाला एकत्रितपणे दर्जा मिळतो, एकेकाची चौकशी होत नाही. तो वीस वर्षांहून अधिक काळ कपाटात पडून होता आणि ४ मार्च २०२२ रोजी युक्रेनच्या निर्वासितांसाठी प्रथमच लागू झाला. राहणे, काम, शाळा आणि औषधोपचार यांचे हक्क पहिल्या दिवसापासून मिळाले. त्याच खंडात सीरिया किंवा अफगाणिस्तानातून आलेल्यांना मात्र लांबच्या रस्त्याने जावे लागले, हे तिथे स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. एकाच सभागृहात बसलेल्या दोन कुटुंबांचे हक्क वेगवेगळे असू शकतात.

भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. परदेशी नागरिकांविषयीचा १९४६ चा कायदा होता, त्याची जागा २०२५ च्या कायद्याने घेतली. दोन्हींत ‘निर्वासित’ हा वेगळा वर्ग नाही. व्यवहारात मात्र वेगवेगळे रस्ते आहेत. १९५९ नंतर आलेले तिबेटी आणि १९८३ नंतर आलेले श्रीलंकेतील तमीळ यांची व्यवस्था सरकारने स्वतः केली. अफगाणिस्तान, म्यानमार येथून आलेल्यांची नोंद बहुधा संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या दिल्ली कार्यालयात होते आणि त्यांना तेथील ओळखपत्र मिळते. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातील हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती यांना दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळू शकतो. २८ मे २०२१ च्या अधिसूचनेने त्यांच्या नागरिकत्वाचे अर्ज हाताळण्याचा अधिकार ज्या तेरा जिल्ह्यांना दिला, त्यांत वडोदरा जिल्हा आहे. धर्माच्या आधारे आखलेल्या या रेषेबद्दल देशात वाद आहे आणि माझेही मत आहे, पण कार्यकर्त्याने प्रथम समोरच्या माणसाला कोणता रस्ता उघडा आहे ते पाहावे. आपल्या राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताचे संरक्षण परदेशी व्यक्तीलाही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली चकमा निर्वासितांच्या प्रकरणात स्पष्ट केलेले आहे. कार्यालयात कोणी ‘यांना काहीच हक्क नाहीत’ असे म्हटले तर हे शांतपणे सांगता यावे.

दुसरी पायरी : फाइल

एक साधी प्लॅस्टिकची फाइल घ्यावी आणि पहिल्या भेटीतच कुटुंबाच्या हाती द्यावी. पासपोर्ट, व्हिसा, ओळखपत्र, मुलांचे जन्मदाखले, लसीकरणाच्या नोंदी, पदवीची प्रमाणपत्रे, घराचा करार, दवाखान्याचे कागद हे सारे तिच्यात. मूळ कागद कार्यकर्त्याने कधीही स्वतःजवळ ठेवू नयेत, अगदी ‘सुरक्षित राहतील’ म्हणून कोणी आग्रह केला तरी.

नावाचे स्पेलिंग ही वरवर क्षुल्लक आणि प्रत्यक्षात सर्वांत जास्त वेळ खाणारी बाब आहे. दरी (अफगाणिस्तानातील फारसी), पश्तो किंवा युक्रेनियन नावे रोमन लिपीत आणताना तीन कार्यालयांत तीन प्रकारे लिहिली जातात. अनेक अफगाण लोकांना आपल्या अर्थाने आडनाव नसते, आणि जन्मतारीख माहीत नसल्यामुळे कागदोपत्री १ जानेवारी लिहिलेली असते. एका घरातील चौघांचा वाढदिवस एकाच दिवशी पाहून एका कारकुनाने सगळे कागद बनावट ठरवल्याचा प्रसंग मी समोर बसून पाहिला आहे. तेव्हा पासपोर्टवर जे स्पेलिंग आहे तेच सर्वत्र वापरावे, आणि ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फाइलच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावे.

कागद लवकर मिळणे म्हणजे काय, याचा नमुना पोलंडने २०२२ साली दाखवला. युक्रेनहून आलेल्यांना तेथील नागरिकांप्रमाणेच ‘पेसेल’ हा ओळख-क्रमांक मोफत देण्यात आला, आणि त्या एका क्रमांकाने शाळा, दवाखाना, नोकरी यांची दारे उघडली. आपल्याकडे असा एकच कागद नाही. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांना सामान्यतः आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंद करावी लागते. ही नोंद आता ऑनलाइन होते. परदेशी व्यक्तीला घरात किंवा वसतिगृहात ठेवणाऱ्याने २४ तासांत कळवायचे असते, ज्याला लोक अजूनही ‘सी फॉर्म’ म्हणतात. पाहुणा म्हणून घरी ठेवले आणि फॉर्म राहून गेला, तर अडचण तुमच्यापेक्षा पाहुण्याची जास्त होते.

याच संदर्भात फोटोविषयी एक सूचना. मदतीचे फोटो व्हॉट्सअॅपच्या गटात टाकू नयेत. मागे राहिलेल्या भावावर किंवा वडिलांवर त्याचा सूड उगवला जाऊ शकतो, आणि आपल्याला ते कधी कळणारही नाही.

तिसरी पायरी : छप्पर

छावणी की वस्ती, हा यजमान देशांपुढचा जुना प्रश्न आहे. केनियातील दादाबची छावणी १९९१ पासून आहे. तिथे जन्मलेल्या मुलांना आता मुले झाली आहेत. जॉर्डनमधील झातारी जुलै २०१२ मध्ये उघडली आणि तंबूंच्या जागी हळूहळू पत्र्याच्या खोल्या व बाजारपेठ आली, पण देशातील बहुसंख्य सीरियन कुटुंबे छावणीबाहेर भाड्याच्या खोल्यांतच राहिली. युगांडाने वेगळे केले. तेथील २००६ च्या कायद्याने निर्वासितांना काम करण्याची आणि फिरण्याची मोकळीक दिली, आणि वसाहतींत कुटुंबाला जमिनीचा तुकडा मिळतो. तुकडे दिवसेंदिवस लहान होत चालले आहेत आणि तेथील अन्नमदतही आटली आहे, तरी माणूस पेरणी करू शकतो हा फरक मोठा आहे. जर्मनीत आलेल्या आश्रयार्थींची सोळा राज्यांत वाटणी एका ठरलेल्या सूत्राने होते, ज्यात राज्याच्या करउत्पन्नाला दोन-तृतीयांश आणि लोकसंख्येला एक-तृतीयांश वजन असते. भार सारखा पडतो. पण कधी कधी माणूस अशा गावी जाऊन पडतो जिथे घर आहे आणि काम नाही.

मराठी माणसाला यातले काहीच परके वाटायचे कारण नाही. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतांशी स्त्रिया आणि मुले. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते. आपल्या गुजरातेत जामनगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी बालाचडीला पोलिश मुलांना आसरा दिला, आणि वॉर्सात आज ‘भल्या महाराजां’च्या नावाचा चौक आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबे उतरली आणि १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले. छावणीचे शहर व्हायला लोकांना धंदा करू द्यावा लागतो, एवढे त्यावरून दिसते.

बडोद्यात घर शोधताना दलालापेक्षा सोसायटीच्या समितीशी आधी बोलावे. एका सोसायटीत घरमालक तयार होता, अनामत दिलेली होती, आणि सामान टेम्पोत असताना समितीने नकार दिला. कारण विचारले तर ‘लोक विचारतात’ एवढेच. त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. समितीतील दोघांना कुटुंबाबरोबर आधी चहाला बसवायचे, भाडेकरार आणि भाडेकरूची पोलिसांकडील नोंद या दोन्हींच्या प्रती त्यांच्यासमोर ठेवायच्या, आणि अडचण आल्यास फोन करायला आपला क्रमांक द्यायचा. भाडे स्वतः भरायचे ठरवले तर किती महिने ते लिहून द्यावे. पोलंडने घरात निर्वासित ठेवणाऱ्या यजमानांना दर माणशी दिवसाला ४० झ्लॉटी दिले, तेसुद्धा मुदत घालून. यजमानाचा थकवा हा गृहीत धरण्याचा विषय आहे, लाजण्याचा नाही.

चौथी पायरी : भाषा

जर्मनीचा एकात्मता अभ्यासक्रम २००५ पासून चालू आहे. सामान्य अभ्यासक्रमात ६०० तास भाषेचे आणि १०० तास कायदा, इतिहास व समाजव्यवस्थेचे असतात. सातशे तास हा आकडा मनात ठेवावा, कारण रविवारी एक तास शिकवून ‘सहा महिने झाले, अजून बोलत नाहीत’ अशी तक्रार करणारे स्वयंसेवक मी पाहिले आहेत.

येथे कोणती भाषा आधी शिकवायची? बडोद्यातील मराठी माणसाला याचे उत्तर अनुभवाने ठाऊक आहे. आपण पिढ्यान् पिढ्या दांडिया बाजारात घरात मराठी आणि दुकानात गुजराती बोलत आलो, आणि एकीमुळे दुसरी बिघडली नाही. (आमची मराठी ऐकून पुण्याचे नातेवाईक हसतात, तो भाग वेगळा.) तेव्हा ‘आ केटलानुं छे’, ‘रिक्षा केटला लेशो’, ‘डॉक्टर क्यारे आवशे’ येथून सुरुवात करावी. सिंधमधून आलेल्या कुटुंबांची गरज निराळी असते. त्यांना हिंदी बोललेली समजते, पण त्यांची सिंधी आणि उर्दू अरबी वळणाच्या लिपीतली. बसवरची पाटी, औषधाची चिठ्ठी, मुलाच्या शाळेची सूचना त्यांना वाचता येत नाही. त्यांच्यासाठी बोलण्याचा वर्ग काढणे हा वेळेचा अपव्यय आहे. त्यांना देवनागरी आणि गुजराती अक्षरे शिकवावीत.

मुले भाषा भराभर उचलतात आणि मग घरातील दुभाषी बनतात. दवाखान्यात आईच्या आजाराचे वर्णन दहा वर्षांच्या मुलीने करू नये. त्यासाठी मोठा माणूस शोधावा, फोनवर का होईना.

पाचवी पायरी : शाळा

लेबनॉन आणि जॉर्डनने सरकारी शाळा दोन पाळ्यांत चालवल्या, सकाळी तेथील मुले आणि दुपारी सीरियन मुले. लाखो मुलांची वर्षे त्यामुळे वाचली, पण दोन्हीकडची मुले फाटकातही भेटेनाशी झाली. तुर्कस्तानने आरंभी अरबी माध्यमाची तात्पुरती केंद्रे चालवली आणि २०१६ पासून मुलांना हळूहळू तुर्की शाळांत आणले. माझ्या मते वेगळा वर्ग काही महिन्यांपुरता असावा, तोही त्याच इमारतीत.

ज्या संस्थानाने १९०६ मध्ये सर्वत्र सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले, त्याच्या राजधानीत एकही मूल दाखल्यापायी घरी बसू नये. शिक्षणहक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, त्याला वयानुरूप वर्गात घ्यावे लागते आणि मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष शिकवणीचा हक्क असतो. मुख्याध्यापकांना भेटताना कायद्याची प्रत बरोबर असावी. भांडण्यासाठी नव्हे, त्यांना वरच्या कार्यालयाला दाखवता यावी म्हणून.

कॉलेजच्या विद्यार्थ्यांचे प्रश्न वेगळे. युक्रेनमधून २०२२ मध्ये सुमारे २२,५०० भारतीय परतले, त्यांत वैद्यकीय विद्यार्थी फार. त्यांना परतायला घर होते, तरी अर्धवट पदवीचे ओझे किती जड असते हे आपल्याच ओळखीच्या घरांतून दिसले. काबूलमधील विद्यापीठाने गुणपत्रिका पाठवली नाही तर शिकलेल्या मुलीकडे काहीच उरत नाही. अशांसाठी युरोप परिषदेने २०१७ मध्ये पात्रता-पारपत्राची योजना सुरू केली, जिच्यात उपलब्ध कागद आणि मुलाखत यांवरून शिक्षणाचा अंदाज लेखी दिला जातो.

सहावी पायरी : काम

येथे उत्साहाला लगाम घालावा. दीर्घ मुदतीचा व्हिसा असलेल्याला खासगी नोकरी, बँक खाते, पॅन, वाहन परवाना यांची मुभा आहे. नुसत्या निर्वासित ओळखपत्रावर उघडपणे नोकरी करण्याचा अधिकार मिळत नाही. ‘माझ्या मित्राच्या कारखान्यात लावून देतो’ असे आश्वासन अशा माणसाला देणे म्हणजे त्याला अडचणीत लोटणे. तुर्कस्तानने जानेवारी २०१६ मध्ये सीरियनांना कामाचे परवाने खुले केले, पण अर्ज मालकाने करायचा होता, म्हणून बहुतेक लोक शिवणकारखान्यांत परवान्याविनाच राबत राहिले. बांगलादेशात २०१७ मध्ये आलेल्या सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना औपचारिक कामाची परवानगीच नाही.

जर्मनीत २०१५ मध्ये आलेल्या प्रौढांपैकी दहा वर्षांच्या आत सुमारे दोन-तृतीयांश कामाला लागले. स्त्रियांचे प्रमाण मात्र पुरुषांपेक्षा पुष्कळ कमी राहिले, मोठे कारण म्हणजे लहान मुलांना ठेवायला जागा नाही. स्वयंसेवकाने आठवड्यातून चार दुपारी मुले सांभाळली तर एका बाईचा भाषावर्ग पूर्ण होतो. मला ही मदत देणगीपेक्षा मोलाची वाटते.

मजुरी ठरवताना हजर राहावे, रक्कम आणि दिवस वहीत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. परक्या माणसाचे पैसे बुडवणे सोपे असते, हे मुकादमाला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

सातवी पायरी : मन

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अंदाजाप्रमाणे संघर्षग्रस्त प्रदेशातील पाच माणसांपैकी एकाला काही ना काही मानसिक आजार असतो. उरलेल्या चौघांना आजार नसतो, दुःख असते; दोन्हींत गल्लत करू नये. मानसिक प्रथमोपचाराचे सूत्र तीन शब्दांचे आहे : पाहा, ऐका, जोडून द्या. त्यात ‘विचारा’ हा शब्द नाही. युद्धात काय पाहिले, कोण गेले, हे आपण होऊन कधीही विचारू नये.

बडोद्यात एक गोष्ट विशेष सांभाळावी लागते, ती दिवाळी. फटाके केव्हा वाजतील, किती दिवस चालतील, हे आठवडाभर आधी सांगावे आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री आतल्या खोलीत निजण्याची सोय करावी. पहिल्या वर्षी हे आमच्या ध्यानात आले नव्हते. ते घर रात्रभर जिन्याखाली बसून होते.

आठवी पायरी : बाजूला होणे

कॅनडात १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून साधे नागरिक निर्वासित कुटुंबाचे प्रायोजक होऊ शकतात; पाच जणांचा गटही पुरत असे, पण अशा गटांचे नवे अर्ज घेणे नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस थांबवण्यात आले. व्हिएतनाम, लाओस, कंबोडियाच्या निर्वासितांना त्या देशाने असेच घेतले आणि निर्वासितांच्या सेवेसाठी दिले जाणारे नान्सेन पदक १९८६ साली कॅनडाच्या जनतेला मिळाले. प्रायोजकाची जबाबदारी सामान्यतः बारा महिन्यांची असते, आणि तेथील कार्यकर्ते ‘तेरावा महिना’ हा शब्द धास्तीने उच्चारतात, कारण तेव्हा आधार एकदम निघतो.

म्हणून दहाव्या महिन्यातच यादी करावी. भाडे कोणाच्या खात्यातून जाते? शाळेचा फोन कोणाला येतो? डॉक्टरची वेळ कोण घेते? वीजबिल कोण भरते? जिथे उत्तर ‘आम्ही’ असे येते, तिथे दोन महिन्यांत ते काम कुटुंबाकडे सोपवावे, आणि पहिल्या वेळी चुकले तरी मध्ये पडू नये. व्हिसाच्या नूतनीकरणाची तारीख त्यांच्याच कॅलेंडरवर त्यांच्याच अक्षरांत लिहिलेली असावी. गटाजवळ राहिलेल्या झेरॉक्स प्रतींपैकी ज्या त्यांना हव्यात त्या फाइलमध्ये लावून द्याव्यात, बाकीच्या त्यांच्यासमोर फाडाव्यात.